स्तनस्रावाचा अर्थ : एका लक्षणाचा इतिहास

स्तनाग्रातून होणारा स्राव हे वैद्यकातील एक प्राचीन आणि दीर्घकाळ संदिग्ध राहिलेले लक्षण होय. प्रसूत स्त्रीच्या स्तनातून दूध येणे ही निसर्गाची योजना आहे. तिचे स्पष्टीकरण कोणी मागत नाही. परंतु जी गर्भवती नाही आणि जी मुलाला अंगावर पाजीत नाही, अशा स्त्रीच्या स्तनातून दूध, पाण्यासारखा द्रव, पू किंवा रक्त दिसू लागले म्हणजे त्याचा अर्थ काय लावावयाचा, हा प्रश्न सुमारे अडीच सहस्र वर्षे वैद्यांपुढे उभा आहे. या प्रश्नाला जी उत्तरे वेळोवेळी मिळत गेली, त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

हा इतिहास सामान्यतः अज्ञानाकडून ज्ञानाकडे जाणारा सरळ मार्ग म्हणून सांगितला जातो. आमच्या मते वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. स्राव शरीरात कोठे उत्पन्न होतो, याविषयी प्रत्येक कालखंडाची एक निश्चित कल्पना होती, आणि त्या कल्पनेनुसारच त्या कालखंडाने स्रावाचा अर्थ लावला. प्राचीनांना त्याचे मूळ रक्तात दिसले, शरीररचनाशास्त्रज्ञांना वाहिनीत, विकृतिशास्त्रज्ञांना पेशीत आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा ग्रंथीत. निरीक्षणे पुष्कळदा टिकून राहिली. पालटली ती उपपत्ती. आणि उपचार ठरतो तो उपपत्तीवरून. म्हणून तिच्या चुकीची किंमत बहुधा रुग्ण स्त्रीने मोजली. हे एक सूत्र ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे, अशी विनंती आहे.

आरंभ ग्रीकांपासून करणे सोयीचे आहे. हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहाच्या पाचव्या विभागात असे सांगितले आहे की, स्त्री गर्भवती नसता आणि प्रसूत झालेली नसता तिला दूध येत असेल, तर तिचा ऋतुस्राव बंद पडलेला असतो. आजचा वैद्य हे सूत्र वाचून चकित होईल, कारण या दोन लक्षणांची सांगड नेमकी अशीच असल्याचे त्याला त्याच्या पाठ्यपुस्तकात शिकविलेले असते. परंतु सूत्रकाराने लावलेला कार्यकारणभाव सर्वस्वी निराळा होता. त्याच्या मते दूध आणि ऋतुरक्त ही एकाच द्रव्याची दोन रूपे होत. जे रक्त गर्भाशयावाटे बाहेर पडावयाचे, ते वाट अडल्यामुळे वर चढते आणि स्तनात दूध होऊन प्रकट होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने या मताला शास्त्राचा आकार दिला. गर्भाशय व स्तन यांना जोडणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत असे त्याने मानले. आणि स्तनाचा कर्करोग हा काळ्या पित्ताच्या संचयाने होतो व ज्यांचा ऋतुस्राव नीट होत नाही अशा स्त्रियांत तो अधिक आढळतो, असे प्रतिपादन केले.

या उपपत्तीचा प्रभाव किती खोल होता, हे एका प्रसिद्ध चित्रावरून कळते. लिओनार्दो दा विंची याने पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या सुमारास काढलेल्या एका शारीरचित्रात गर्भाशयापासून निघून थेट स्तनाग्रापर्यंत जाणारी एक वाहिनी स्पष्ट दाखविली आहे. अशी वाहिनी मानवी देहात नाही. डोळ्यांवर इतका विश्वास ठेवणाऱ्या चित्रकाराने न पाहिलेली वस्तू रेखाटावी, यावरून उपपत्ती दृष्टीवर कशी मात करते ते दिसून येते. उपचारही याच विचाराला धरून होते. शरीरात साचलेले दूषित रक्त बाहेर काढणे, रेचके देणे आणि अडलेला ऋतुस्राव पुन्हा सुरू करण्यासाठी औषधे योजणे, हाच शतकानुशतके क्रम राहिला.

भारतीय परंपरेत या विषयाचा विचार वेगळ्या अंगाने झालेला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील दहावा अध्याय विसर्प व नाडीव्रण यांच्या जोडीने स्तनरोगांना वाहिलेला आहे. तेथे असे म्हटले आहे की, कुमारिकांच्या स्तनांतील धमन्यांची द्वारे मिटलेली असतात, त्यामुळे दोष तेथे पसरू शकत नाहीत व त्यांना स्तनरोग होत नाहीत. गर्भिणी व प्रसूता यांच्या धमन्या मात्र आपोआप खुल्या होतात आणि रोगाला वाट मिळते. स्तन्य हे पचलेल्या आहाराच्या रसाचा प्रसादरूप अंश असून ते सर्व देहातून स्तनात येते. मुलाच्या स्पर्शाने, दर्शनाने किंवा नुसत्या स्मरणानेही ते स्रवते, आणि अपत्याविषयीचा स्नेह हे त्या स्रवण्याचे कारण होय, असेही तेथे सांगितले आहे. या वचनांत आधुनिक संप्रेरकविद्येचे बीज शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. मुलाच्या स्मरणाने आईला पान्हा फुटतो हे निरीक्षण अचूक आहे आणि ते प्रत्येक घरात करता येण्याजोगे होते. त्यावरून ग्रंथकाराला संप्रेरके ठाऊक होती असे सिद्ध होत नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सुश्रुतातील अधिक महत्त्वाचा भाग स्तन्यपरीक्षेचा आहे. शुद्ध स्तन्य पाण्यात टाकले असता त्याच्याशी एकरूप होते. वातदुष्ट स्तन्य पाण्यावर तरंगते, पित्तदुष्ट स्तन्याच्या पिवळ्या रेषा दिसतात, आणि कफदुष्ट स्तन्य दाट असून तळाशी बसते. स्तनातून येणाऱ्या द्रवाचा रंग, घनता व वर्तन यांवरून अनुमान काढण्याची ही एक व्यवस्थित पद्धतीच होय. पण ही परीक्षा कोणासाठी होती? ती मुख्यतः बालकासाठी होती. दूषित दूध प्याल्याने मुलाला कोणता विकार होईल, हा तेथील मध्यवर्ती प्रश्न आहे. स्तनविद्रधीसारख्या विकारात स्त्रीच्या चिकित्सेचा विचार आहेच. तथापि दूध न पाजणाऱ्या स्त्रीच्या स्तनातील स्राव हे तिच्या स्वतःच्या रोगाचे चिन्ह म्हणून तेथे स्वतंत्रपणे चर्चिलेले नाही. धमन्या मिटलेल्या असता स्राव कोठून यावा? उपपत्तीने ज्या प्रश्नाला जागाच ठेवली नाही, तो प्रश्न विचारला गेला नाही.

युरोपात जुन्या मताचा पाया १६२८ मध्ये ढासळू लागला. विल्यम हार्वीने रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला आणि रक्त गर्भाशयातून स्तनात चढते या कल्पनेला आधार उरला नाही. मग दूध कोठे तयार होते? याचे उत्तर शवविच्छेदनाने दिले. या बाबतीत सर्वांत परिश्रमाचे काम लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर याने केले. १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तनाच्या रचनेवरील ग्रंथासाठी त्याने मृत स्त्रियांच्या स्तनांतील दुग्धवाहिन्यांत रंगीत मेण भरून त्यांचा मार्ग शोधला. एका वेळी जास्तीत जास्त बारा आणि बहुधा सात ते दहा वाहिन्या भरता येतात, असे त्याने नमूद केले. प्रत्येक वाहिनी आपापल्या खंडापासून निघून स्तनाग्रावर स्वतंत्र उघडते, हे त्याच्या चित्रांवरून स्पष्ट झाले. पुढील पाठ्यपुस्तकांनी मात्र पंधरा ते वीस हा आकडा रूढ केला. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांची ध्वनिलहरींच्या साह्याने तपासणी केली, तेव्हा मुख्य वाहिन्यांची सरासरी संख्या सुमारे नऊ भरली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मेणाच्या साक्षीला असा दुजोरा मिळाला.

कूपरच्या कामाचा परिणाम निदानावर झाला. स्राव एका छिद्रातून येतो की अनेक छिद्रांतून, हा प्रश्न आता अर्थपूर्ण ठरला. संपूर्ण देहातील रस बिघडला असेल तर सर्वच छिद्रांतून स्राव यावयास हवा. एकाच छिद्रातून येत असेल तर बिघाड त्या एका वाहिनीत आहे. स्तनातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही कूपरने १८२९ मधील आपल्या आधीच्या ग्रंथात द्रवयुक्त व इतर निरुपद्रवी गाठींची चित्रे देऊन दाखविले होते.

१८७४ मध्ये सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयाच्या वृत्तांतात जेम्स पॅजेटने एक अल्पाक्षरी निबंध प्रसिद्ध केला. सुमारे पंधरा स्त्रियांमध्ये त्याने स्तनाग्र व त्याभोवतालचे मंडल यांवर लालसर, ओलसर, चिकट पिवळट द्रव पाझरणारा त्वचाविकार पाहिला होता. दिसावयास तो इसबासारखा. परंतु नेहमीच्या उपायांना दाद न देणारा. या सर्व स्त्रियांमध्ये दोन वर्षांच्या आत, आणि बहुधा एका वर्षातच, स्तनात कर्करोग प्रकट झाला. दीर्घकालीन क्षोभामुळे पुढे कर्करोग उद्भवतो, असा पॅजेटचा तर्क होता. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले की, त्वचेतील त्या विकारातच कर्कपेशी असतात; म्हणजे तो विकार कर्करोगाचा अग्रदूत नसून स्वतः कर्करोगच होय. येथेही निरीक्षण टिकले आणि उपपत्ती बदलली. त्यातून मिळालेला धडा मात्र आजही तितकाच उपयुक्त आहे. एका बाजूच्या स्तनाग्रावरचे न बरे होणारे इसब हे इसब म्हणून सोडून देता येत नाही.

याच सुमारास शल्यक्रियेचे सामर्थ्य वाढत होते. संवेदनाहारके आली, जंतुनाशक पद्धती रूढ झाली आणि पूर्वी असाध्य वाटणारी शस्त्रकर्मे शक्य झाली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॅल्स्टेडने १८९४ मध्ये पन्नास रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच्या पद्धतीत स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी हे सर्व एकत्र काढले जाई. कर्करोग एका केंद्रापासून क्रमाने बाहेर पसरतो, ही त्यामागील उपपत्ती. तिच्या प्रभावाखाली रक्तमिश्रित स्राव दिसला की स्तनच काढून टाकावा, अशी वृत्ती बळावली. पूर्वीच्या युगात दुर्लक्षाने स्त्रिया दगावत. आता त्याच्या जोडीला अतिरेकाची आपत्ती आली. निरुपद्रवी विकारासाठी स्तन गमावलेल्या स्त्रियांची गणती कोणी ठेवलेली नाही.

या अतिरेकाला आवर घालण्याचे काम हॅल्स्टेडच्याच रुग्णालयातील जोसेफ ब्लडगुड याने केले, ही विशेष लक्षणीय गोष्ट आहे. स्तनाच्या ज्या विकारांना शस्त्रक्रियेची गरज नाही, त्यांविषयी त्याने १९२० नंतरच्या दशकात आग्रहाने लिहिले. १९२३ मध्ये स्तनाग्राखालील फुगलेल्या वाहिन्यांचे वर्णन करून त्यांची गाठ कर्करोगाचा भास कशी निर्माण करते ते दाखविले. याच विकाराला १९५१ मध्ये हॅगेन्सेनने वाहिनीविस्तार असे नाव देऊन त्याची लक्षणे निश्चित केली. रक्तस्रावाचे सर्वांत नेहमीचे कारण वाहिनीच्या आत वाढणारा छोटा मस्सा, ज्याला पॅपिलोमा म्हणतात, हे असून तो बहुधा निरुपद्रवी असतो, ही गोष्टही या काळात स्थिर झाली. १९६४ मध्ये हेडली अ‍ॅटकिन्स आणि बार्बरा वुल्फ यांनी स्तनस्रावावरील निबंधात, ज्या एका वाहिनीतून स्राव येतो तेवढीच शोधून काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. हे काम गाय्ज रुग्णालयातीलच होते. ज्या संस्थेत कूपरने एकेक वाहिनी मेणाने भरली, तेथेच सव्वाशे वर्षांनी एकच वाहिनी काढून स्तन वाचविण्याची रीत प्रस्थापित झाली.

दरम्यान स्रावाच्या थेंबातच रोगाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न चालू होता. गर्भाशयमुखाच्या परीक्षेसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज पापानिकोलाउ याने १९५८ मध्ये सहकाऱ्यांसह स्तनस्रावातील पेशींच्या परीक्षेवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. लक्षणे नसलेल्या स्त्रियांच्या स्तनांतून सौम्य चोषणाने द्रव मिळवून त्यातील पेशी पाहिल्यास कर्करोग फार लवकर ओळखता येईल, अशी आशा त्यातून उत्पन्न झाली. गर्भाशयमुखाच्या बाबतीत सफल झालेली ही पद्धत स्तनाच्या बाबतीत सफल झाली नाही. पुष्कळ स्त्रियांत द्रव मिळतच नाही. मिळाला तरी त्यात कर्कपेशी नसणे हे कर्करोग नसल्याचे प्रमाण ठरत नाही, कारण रोगग्रस्त वाहिनी बंद असू शकते. तरीही ही आशा मावळली नाही. अखेर २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की, स्तनाग्रातून चोषून काढलेल्या द्रवाची चाचणी ही स्तनाच्या क्षकिरण तपासणीला पर्याय होऊ शकत नाही. एका अवयवाची यशस्वी उपपत्ती दुसऱ्या अवयवाला जशीच्या तशी लावण्याचे हे उदाहरण अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता पुन्हा हिपोक्रेटीसच्या सूत्राकडे वळावयाचे आहे. प्रसूतीनंतर दूध थांबत नाही आणि ऋतुस्राव परतत नाही, अशा स्त्रियांची वर्णने १८५५ मध्ये व्हिएन्नाच्या चिआरी याने व १८८२ मध्ये जर्मनीच्या फ्रॉमेल याने दिली होती. १९५३ मध्ये अर्जेंटिनातील आर्गोंझ व देल कास्तियो यांनी, आणि १९५४ मध्ये अमेरिकेतील फोर्ब्स, ऑलब्राइट व सहकाऱ्यांनी, प्रसूतीशी संबंध नसतानाही असेच घडते हे दाखविले. फोर्ब्स व ऑलब्राइट यांच्या काही रुग्णांत पोष ग्रंथीचे, अर्थात पिट्यूइटरीचे, अर्बुद आढळले. या ग्रंथीचा दुधाशी असलेला संबंध स्ट्रासबुर्ग येथील स्ट्रिकर व ग्रूटर यांनी १९२८ मध्ये सशांवरील प्रयोगांनी उघड केला होता. १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ऑस्कर रिडलने कबुतरांच्या गळ्यातील पिशवीत पिलांसाठी तयार होणाऱ्या दुधासारख्या द्रवाचा अभ्यास करून तो उत्पन्न करणाऱ्या संप्रेरकाला प्रोलॅक्टिन हे नाव दिले. मनुष्यात मात्र हे संप्रेरक स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे की नाही, याविषयी पुढे चार दशके वाद राहिला, कारण मानवी वृद्धिसंप्रेरकातही दुग्धजनक गुण आढळला होता. १९७० व १९७१ या वर्षांत हेन्री फ्रीझन आदी संशोधकांच्या कार्याने हा वाद मिटला आणि रक्तातील प्रोलॅक्टिन मोजता येऊ लागले.

या शोधाला एक अनपेक्षित साहाय्य मानसोपचारांतून मिळाले. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर दिले जाऊ लागले, तेव्हा ते घेणाऱ्या काही स्त्रियांना दूध येऊ लागले व त्यांचा ऋतुस्राव थांबला. त्याचा उलगडा पुढे झाला. पोष ग्रंथीच्या इतर बहुतेक संप्रेरकांना मेंदूची प्रेरणा लागते. प्रोलॅक्टिनवर मात्र मेंदूचा सतत निरोध असतो, आणि हा निरोध डोपामिन या द्रव्याच्या द्वारे होतो. औषधाने डोपामिनची क्रिया रोखली की बांध फुटतो. याच्या उलट, राय धान्यावरील अरगट बुरशीतील द्रव्यापासून बनविलेले ब्रोमोक्रिप्टीन हे डोपामिनसारखी क्रिया करते. १९७१ मध्ये अशा औषधाने स्त्रियांचे अकारण येणारे दूध थांबले व ऋतुस्राव परतला, असा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हिपोक्रेटीसच्या सूत्रातील दोन्ही घटना एकाच गोळीने मागे फिरल्या. दूध हे वर चढलेले ऋतुरक्त नव्हते. दोहोंचे मूळ तिसऱ्याच ठिकाणी होते.

या सर्व वाटचालीत लोकसमजुतींचा एक समांतर प्रवाह वाहत राहिला आहे, त्याचाही उल्लेख करणे अवश्य आहे. मातेच्या संप्रेरकांच्या प्रभावाने नवजात बालकाचे, मग ते मुलगा असो वा मुलगी, स्तन काही दिवस फुगतात व त्यांतून दुधासारखा द्रव येतो. युरोपात याला चेटकिणीचे दूध म्हणत. आपल्याकडेही ते दूध साठून राहू नये म्हणून बाळाला न्हाऊ घालताना स्तन पिळण्याची चाल आहे. हा द्रव आपोआप नाहीसा होतो. पिळण्याने मात्र जंतुप्रवेश होऊन गळू होते. साचलेले दूषित द्रव्य बाहेर काढलेच पाहिजे, ही गेलेनच्या काळची धारणा अशा रीतीने न्हाणीघरात अद्याप जिवंत आहे.

आज एखादी स्त्री हे लक्षण घेऊन वैद्याकडे गेली, तर तिला काही ठराविक प्रश्न विचारले जातात. या प्रश्नांत आपल्या इतिहासाचे थर ओळखू येतात. स्रावाचा रंग कोणता, हा प्रश्न सर्वांत जुना. ऋतुस्राव नियमित आहे काय, हा हिपोक्रेटीसचा. एका स्तनातून की दोन्ही, एका छिद्रातून की अनेक, हे प्रश्न वाहिनीच्या युगाचे. स्तनाग्रावर खाज वा व्रण आहे काय, हा पॅजेटचा. कोणती औषधे चालू आहेत, हा १९५२ नंतरचा. स्राव दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून व केवळ दाबल्यावर येत असेल, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. आपोआप, एकाच बाजूने, एकाच छिद्रातून येणारा पाण्यासारखा वा रक्तमिश्रित स्राव मात्र तपासणी मागतो. पुरुषाच्या स्तनातून स्राव आल्यास संशय अधिक धरावा लागतो. अशा संशयास्पद स्रावांतही कर्करोगाचे रुग्ण अल्पसंख्य असतात, ही गोष्ट भीतीने गप्प बसणाऱ्या स्त्रीला आवर्जून सांगितली पाहिजे.

कारण अखेरीस हे लक्षण कोणाला तरी सांगितले गेले तरच त्याला अर्थ येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये आरंभिलेल्या व २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी एका गटाची स्तनतपासणी दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केली. त्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत आढळला. एकूण मृत्यूंतील सुमारे १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही, परंतु पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के व विश्वसनीय ठरली. यात कोणतेही नवे यंत्र नव्हते. जिला मोकळेपणे बोलता येईल अशी एक शिकलेली स्त्री ठराविक मुदतीने भेटत होती, एवढेच.

वैद्यकाच्या इतिहासात उपपत्ती येतात आणि जातात. टिकते ते काळजीपूर्वक केलेले निरीक्षण, आणि त्याचा आरंभ रुग्णाच्या कथनापासून होतो. स्तनस्रावाच्या बाबतीत ते कथन संकोचाने फार काळ दबून राहिले, आणि जेव्हा उच्चारले गेले तेव्हा तयार उपपत्तीच्या साच्यात ओतले गेले. या इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही दोषांची नोंद ठेवावी. कारण त्यांपैकी कोणताही केवळ भूतकाळाचा नाही.